कानातला खडा

रविवारी चारच्या सुमाराला
मी दिवा कोळीवाड्यात गोमा मढवींच्या ओट्यावर जाऊन बसते,
आठवडाभराचं वाचलेलं पिशवीत घालून.
थोडं छापील, थोडी कात्रणं,
थोडं किराणा बिलाच्या पाठीवर उतरवलेलं.
काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे नेले.
तरी विचारतात असं, की टोपलीत डोकावून बघावं :
“काय हाय गो आज?”

आज झाडं होती.
मुळांखालच्या बुरशीच्या धाग्यांतून
ती एकमेकांना निरोप धाडतात, असं मागे वाचलं होतं.
आता दुसरे शास्त्रज्ञ म्हणतात, थांबा,
एवढं काही सिद्ध झालेलं नाही.
काका खूश. “भांडतान ना? मंग काईतरी आसंल त्यान.
सगली एक बोलाय लागली का मी उठून जातो.”

मग नकाशांवरचा लेख.
सरकारी कागदावर एखादा तुकडा रंगवायचा राहतो,
तिथे आधी लिहितात ओसाड,
आणि मग, उपलब्ध.
काका बोलले नाहीत.
समोरच्या चौदा मजल्यांखाली त्यांचं खाजण होतं.
त्यांनी तपकिरीची डबी
या हातातून त्या हातात घेतली.
मी पान उलटलं. पुढचंही उलटलं.

म्हटलं, पक्ष्यांचं वाचू.
फ्लेमिंगो जन्मतः गुलाबी नसतो,
खाल्लेलं हळूहळू पिसांत उतरतं.
“आमीपण याच खारीतलं खाल्लं. साठ वर्सां.
बघ, मना कंचा रंग चरलाय?”
आतून त्यांची सून जयवंती हसली,
आणि कपबशा वाजल्या.

शेवटचं कात्रण बारीक होतं, पाठीमागे साडीची जाहिरात.
माशाच्या कानात खडा असतो, मी वाचलं.
“ह्या! घोलीच्या डोक्यातला. आमी पोरां
गोट्या खेलायचो त्याच्या.”
तो खडा कापून भिंगाखाली धरतात, मी म्हटलं,
आत वलयं दिसतात, खोडाला असतात तशी.
मासा कुठल्या पाण्यात वाढला, कधी गोड्या, कधी खाऱ्या,
त्याच्या खुणा सापडतात.

काका ताठ झाले.
“पानी कसला व्हता, तं लिवलेलं आसतं?”
लिहिलेलं नाही. साचलेलं.
“तंच तं.”

मग अंगठा बोटांच्या पेरांवरून चालू लागला.
निवट्या नुसत्या हाताने धरायचे, ते वर्ष.
केमिकलच्या कंपनीत लागले, ते.
पहिल्या पगारात बायकोला पंखा आणला.
मधली दोन पेरं वगळली.
मग थांबले.
“बोईटं पोट वर करून आली ना, सगल्या किनाऱ्याला,
गावानं कंपनीवर मोर्चा नेला.
मीपण व्हतो मोर्च्यान.”
चहावर साय धरली होती.
“आदल्या राती दुसरी पाली माझी.
सायेब बोल्ला, उधान हाय, सोड आता,
पानी घेऊन जाईल.
वॉल मीच फिरवला.”

जयवंती दारात आली होती,
तशीच मागे वळली.
रिक्षा उलटी घेताना कुणाची तरी शिट्टी वाजत राहिली.

“मान्साच्या कानान आसतो का गो खरा?”
असतो. एक नाही, पुष्कळ, पिठासारखे.
त्यांच्यावर आपला तोल असतो.
जागचे हलले तर घर फिरतं.
“तरीच,” म्हणाले.
दिवाळीपासून उठताना भिंत धरतात ते.
हात कानाच्या पाळीकडे गेला,
कानाला खडा लावतात तसा,
पण पाळी नुसती चाचपून खाली आला.

मी पिशवी आवरू लागले.
“मघाशी उलाटलंस, तं काय व्हतं?”
मला वाटलं होतं कळलं नसेल.
किमान वेतन, मी म्हटलं. आकडेच आहेत नुसते.
काकांनी थंड चहा एका घोटात संपवला,
कप अंदाजाने बशीत ठेवला, बरोबर मध्ये.
“आकडं वाच,” म्हणाले. “सावकास.”